एकविसावं पान

पुस्तक हातात आलं की ती आधी कव्हरवरून तळहात फिरवायची. नाव वाचायची नाही, कुणी लिहिलंय ते बघायची नाही. हात फिरवून झाला की थेट एकविसावं पान उघडायची, क्षणभर बघायची आणि पुस्तक मिटून म्हणायची, "झालंय हे." नाहीतर म्हणायची, "हे न्हाई वाचलेलं. लिवा कार्डावर."

एकविसाव्या पानाचं काय, ते आधी सांगून टाकतो. सोलापूरला नवी पेठेत एका साड्यांच्या दुकानाच्या डोक्यावर आमचं वाचनालय आहे. जिना इतका उभा की वर येईपर्यंत माणूस दमतो आणि मग निमूटपणे बसून वाचतो. तिथल्या काउंटरला मी सव्वीस वर्षं काढली. आमच्या प्रत्येक पुस्तकावर गोल शिक्का तीन ठिकाणी असतो, पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर आणि एकविसाव्या पानावर. लबाड माणूस पहिलं आणि शेवटचं पान फाडतो, एकविसावं त्याच्या डोक्यात येत नाही. त्या शिक्क्याच्या गोलात, बरोबर मधोमध, ही बाई लाल पेन्सिलीनं एक ठिपका द्यायची. पुस्तक वाचून झाल्याची खूण.

तुम्ही वाचनालयातून पुस्तकं आणत असाल तर अशा खुणा तुम्हीही पाहिल्या असतील. कादंबऱ्यांची नावं एकासारखी एक, वाचलेली आहे की नाही ते घरी जाऊन चाळीस पानं झाल्यावर कळतं. म्हणून जो तो आपली खूण करून ठेवतो. आमच्याकडचे एक निवृत्त मास्तर शेवटच्या पानावर इवलासा त्रिशूळ काढायचे. एक काकू पानाचा कोपरा दुमडायच्या. मला या सगळ्याचा भयंकर राग. "पुस्तकांवर लिहू नये" अशी पाटी मी स्वतः रंगवून भिंतीवर लावली होती. त्या पाटीवरही कुणीतरी पेन्सिलीनं बरोबरची खूण करून ठेवली.

हिला मी पहिल्याच महिन्यात पकडलं.

"हा ठिपका तुमचा का?"

"व्हय की."

"ती पाटी दिसत नाही?"

"दिसती. वाकडी लागलीय. डावीकडनं बोटभर खाली हाय."

मी वळून पाहिलं. होती वाकडी. इतकी वर्षं मी त्या पाटीखाली बसत होतो आणि वाचनालयाच्या शंभर माणसांत एकानंही मला ते सांगितलं नव्हतं. त्या दिवशी दंड आकारायचं मी विसरलो. पाटी मात्र सरळ केली नाही. एका बाईनं सांगितलं म्हणून लगेच स्टुलावर चढायचं, हे मला पटेना.

ती चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात चेकर होती. म्हणजे दिवसभर उजेडात टॉवेल पसरायचा, त्यावरून तळहात फिरवायचा आणि कुठं धागा सुटलेला किंवा काठ आखडलेला सापडला की लाल पेन्सिलीनं चिठ्ठीवर खूण करून टॉवेल बाजूला टाकायचा. पेन्सिल तिथलीच. सुट्टीच्या दिवशी, गुरुवारी, ती आमच्याकडे यायची. कानावर पेन्सिल अडकवलेली असायची आणि ते तिच्या गावीही नसायचं.

"मला आधी चूकच दिसती, सर," ती म्हणायची. "काय करू? पगारच त्याचा हाय."

तिच्या लग्नाचं त्यामुळेच जमत नव्हतं, असं तीच सांगायची, हसत हसत. माढ्याकडच्या एका खेड्यातली. वडील नव्हते, इथं भाऊ-भावजयीकडे राहायची. सात जण बघून गेले होते. "एकाच्या शर्टाची बटनं वरखाली लावलेली. सगळे पोहे खातायत, कुनी बोलंना. मी सांगितलं. राग आला की त्याला." दुसऱ्या एकाच्या बायोडाटात वय दोन ठिकाणी दोन लिहिलेलं तिनं सगळ्यांसमोर दाखवलं. भावानं आठ दिवस अबोला धरला. सांगून झाल्यावर ती जरा वेळ काउंटरच्या लाकडावर तळहात फिरवत राहायची. तेहेतीस वर्षांची झाली होती.

मला तिनं एका गोष्टीवरून कायम धारेवर धरलं. नवीन पुस्तकं कधी येणार असं कुणीही विचारलं की माझं ठरलेलं उत्तर असायचं, "बघू." पंखा दुरुस्त करणार का? बघू. खिडकीचं दार नीट लागत नाही. बघू. ती लगेच म्हणायची, "बघू म्हंजे न्हाई की, सर. न्हाई म्हनायला काय पैसे पडतात?" पेपर वाचत बसलेली निवृत्त मंडळी पेपराआडून हसायची. त्यांनी तिचं नाव एकवीस नंबर ठेवलं होतं. मास्तर तर गुरुवार आला की मला विचारायचे, "काय हो, आज एकवीस नंबर आली नाही अजून?" आणि मी उगाच रजिस्टर उघडायचो.

मी सुद्धा लग्नाचा राहून गेलेला माणूस. चव्वेचाळिसावं सुरू होतं. मोठ्या भावाच्या घरात एक खोली, वहिनीच्या हातचा डबा, आणि स्थळं आली तेव्हा तेव्हा मी म्हटलेलं बघू. बघता बघता स्थळं यायची थांबली.

आता त्या कादंबरीकडे येतो. कव्हर गेलेली, मी खाकी कागद घालून शिवलेली जुनी प्रेमकथा. घाटात एसटी बंद पडते. दुसरी गाडी येईपर्यंत चार तास. एका दगडावर बसलेली दोन अनोळखी माणसं बोलत राहतात आणि पुढच्या गावी उतरून लग्न करतात. पुढची दीडशे पानं, लग्न करून बसलो खरं पण हा माणूस कोण, ही बाई कोण, एवढंच. हे मला तिनंच सांगितलं. मी ती वाचली नव्हती. असली पुस्तकं मी देण्या-घेण्यापुरती हातात धरायचो.

ही एकच कादंबरी ती पुन्हा पुन्हा न्यायची. प्रत्येक वेळी ठिपक्याशेजारी एक नवा ठिपका.

"झालंय ना हे तुमचं?" मी एकदा टोमणा मारलाच. "आणि काय ते कथानक. अनोळखी माणसाशी कुणी लग्न करतं का असं?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच एखादा सुटलेला धागा.

"सर, आमच्याकडं कोन वळखीच्या मानसाशी करतं? दहा मिन्टं बघायचं, पोहे खायचे, आनि जन्म काढायचा. ह्यांनी तर चार तास बोलून केलं. फरक एवढाच की दुसऱ्या कुनी न्हाई ठरवलं. दोघांनी ठरवलं."

मी तिचं कार्ड ओढून घेतलं. तारखेचा शिक्का मारून पुस्तक दिलं.

पाच वर्षं अशी गेली. तिचं घर कुठल्या गल्लीत ते मला माहीत नव्हतं, माझ्या घरात कोण कोण आहे ते तिला माहीत नव्हतं. पण गुरुवारी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालायला लागलो होतो. वहिनीच्या ते लक्षात आलं होतं. मास्तरांच्याही. मी मात्र स्वतःशीसुद्धा ते कबूल केलं नव्हतं. बटणं नीट लागलीत ना, ते जिन्यात थांबून बघायचो.

मग एका गुरुवारी ती नेहमीसारखी सकाळी आली नाही. भर दुपारी आली. पेपर वाचणारे जेवायला गेले होते, खोलीत मी एकटा. तिनं ती खाकी कव्हरची कादंबरी काउंटरवर ठेवली आणि हात तिच्यावरच राहू दिला.

"भावानं अक्कलकोटचं एक बघितलंय. बिजवर हाय. दुकान हाय भांड्यांचं. मानूस वाईट न्हाई म्हनतेत."

"बरं," मी म्हणालो.

"पुढच्या गुरुवारी होकार कळवायचाय."

"बरं."

तिनं खाकी कव्हरची कड बोटानं सरळ केली. मग पुस्तकाकडे बघत म्हणाली, "सर, आपन करायचं का?"

"काय?"

"ह्यातल्यासारखं."

खाली रिक्षा वाजत होत्या. मला एवढा आनंद झाला होता की भीती वाटली. आमच्या दोघांची आडनावं एका पत्रिकेत आमच्या घरात कुणी छापू दिली नसती. भाऊ काय म्हणेल, कमिटीचे लोक काय म्हणतील, या वयात हे थेर कसले, सगळं एका दमात डोक्यात आलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "बघू."

ती हसली. पण पुढचं वाक्य तिनं म्हटलं नाही. म्हणाली, "पुस्तक आठ दिवसांचं असतंय. तुमाला बी आठ दिवस." आणि उतरून गेली.

तुम्हाला खोटं सांगत नाही, पाचव्या दिवशी माझं ठरलं होतं. भावाशी बोललोही. तो चिडला, वहिनी रडली, आणि रडता रडता म्हणाली, "करा भावजी. आम्ही काय जन्माला पुरणार आहोत?" एवढं सगळं मी निभावलं. राहिलं होतं फक्त तिला सांगणं. आणि तिथंच माझी गाडी बंद पडली. गुरुवारी सकाळी खोली भरलेली असणार. मास्तर असणार. त्यांच्यासमोर काउंटरवरून मी काय म्हणणार?

मग मला एक युक्ती सुचली. त्या वेळी मला ती फार सुंदर वाटली होती. त्याच आठवड्यात नवीन पुस्तकांचा गठ्ठा आला होता. त्यातली एक कोरी कादंबरी घेतली. अजून कुणाच्या कार्डावर चढली नव्हती. एकविसाव्या पानावर शिक्का मारला. गोलाच्या मधोमध लाल पेन्सिलीनं ठिपका दिला, तिच्यासारखा. आणि त्याला चिकटून माझ्या निळ्या बॉलपेनचा दुसरा. सव्वीस वर्षांत मी स्वतः पुस्तकावर केलेली ती एकच खूण. ती पान उघडणार, दोन ठिपके बघणार आणि समजणार.

गुरुवारी ती आली. खाली भाऊ मोटरसायकल चालूच ठेवून उभा होता, आवाज वर येत होता. मास्तर आणि बाकीचे दोघे पेपर घेऊन बसलेले. मी काही न बोलता नवं पुस्तक तिच्यापुढे सरकवलं.

तिनं कव्हरवरून तळहात फिरवला. एकविसावं पान उघडलं. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघितलं, एवढं मला आठवतं. मग पुस्तक मिटलं.

"झालंय हे," ती म्हणाली.

"नवीन आहे," मी म्हणालो. "कालच आलंय."

"न्हाई. खूण हाय की."

मास्तरांनी पेपर किंचित खाली केला. ती तशीच उभी राहिली. माझ्याकडे सरळ बघत होती.

"आनि काय सांगायचंय का, सर?"

अहो, एक शब्द होता. हो. एवढाच. मी मास्तरांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि म्हणालो, "दुसरं देऊ का एखादं?"

"नको," ती म्हणाली. "ते जुनंच द्या."

मी खाकी कव्हरची कादंबरी तिच्या कार्डावर लिहिली. आठ दिवसांची तारीख टाकली. खाली गाडीचा आवाज वाढला आणि मग गर्दीत मिसळून गेला. पंधरा दिवसांनी कळलं, तिचं लग्न झालं.

तीन वर्षं मी स्वतःची एक समजूत घालत राहिलो. घाईत होती. लाल ठिपका दिसला आणि सवयीनं म्हणाली, झालंय. निळा तिनं पाहिलाच नाही. चूक झाली, पण ती तिच्या हातून झाली. मी तर उत्तर दिलं होतं. कधी वाटायचं, अक्कलकोटला जावं, तिला सांगावं, अहो, दोन ठिपके होते. पण लग्न झालेल्या बाईच्या दारात उभं राहून ठिपक्यांचं काय सांगायचं? तो विचार जिन्याच्या वरच्या पायरीवरच बसून राहायचा. दरवर्षी पुस्तकांची मोजणी व्हायची. न आलेल्या पुस्तकापुढे "गहाळ" लिहायचा नियम आहे. त्या कादंबरीपुढे मी दरवर्षी "वाचकाकडे" लिहिलं.

गेल्या हिवाळ्यात एक गृहस्थ धापा टाकत जिना चढून आले. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, डोक्यावरचे केस नुकते काढलेले, आता खुरटे वाढत असलेले. हातात कापडी पिशवी.

"एकविसाव्या पानाचे सर तुमीच काय री?"

बोलण्यात अक्कलकोटकडचा कानडी 'री' होता. मी हो म्हणालो.

त्यांनी पिशवीतून खाकी कव्हरची कादंबरी काढून काउंटरवर ठेवली. आणि मग सांगितलं. ताप आला होता. साधाच वाटला. चौथ्या दिवशी दवाखान्यात नेलं, सहाव्या दिवशी ती गेली. अजून दोन महिनेही झाले नव्हते.

"पुस्तक सोलापूरला द्यायचं राहिलंय म्हनायची. सरांच्या हातात द्यायचं, दुसऱ्या कुनाकडं न्हाई. म्हनून आलो."

मी काय बोललो आठवत नाही. बसा म्हणालो असेन. हाताला काहीतरी काम हवं म्हणून पुस्तक ओढून घेतलं आणि एकविसावं पान उघडलं. शिक्क्याच्या गोलात तिचे लाल ठिपके ओळीनं बसलेले होते. त्यातल्या शेवटच्या ठिपक्याला चिकटून एक निळा ठिपका होता. बॉलपेनचा. मी दिला होता तसा, त्याच जागी.

म्हणजे तिनं पाहिलं होतं.

दिवसभर चुका शोधायचा पगार घेणारी बाई. कोऱ्या पुस्तकात आपली खूण आणि शेजारी दुसरी, हे तिच्या नजरेतून सुटेल असं मी तीन वर्षं मानत आलो होतो. तिला तिथंच, त्याच क्षणी कळलं होतं. आनि काय सांगायचंय का, सर? ती फक्त मी ते तोंडानं म्हणायची वाट बघत उभी होती. तिच्या हातून काही चुकलं नव्हतं.

"सर," ते गृहस्थ म्हणाले, "एक विचारू काय री?"

"विचारा."

"मी कन्नड शाळेत शिकलो. मराठी बोलतो, वाचाय जमत न्हाई. रविवारी दुकान बंद ठेवून दुपारी बसलो की ती मला हे वाचून दाखवायची. हळूहळू, दोन-दोन पानं. मधेच माझ्या चुका काढायची." ते हसले आणि त्यांचे डोळे भरून आले. "शेवटचं प्रकरण राहिलं. त्या दोघांचं काय होतं, तेवढं सांगता काय?"

मला माहीत नव्हतं. जी कादंबरी मी माझ्या हातानं शिवली, इतक्या वेळा तिच्या कार्डावर लिहिली, ती मी वाचली नव्हती. एकदाही नाही.

"वाचून दाखवतो," मी म्हणालो.

मास्तर होते. बाकीचे दोघे होते. मी शेवटचं प्रकरण काढलं आणि मोठ्यानं वाचायला लागलो.  सहाच पानं होती. शेवट अगदी साधा. काही घडतच नाही. दोघं म्हातारी झालेली आहेत, चहात साखर जास्त पडली म्हणून ती कुरकुरते, तो कपबशी घेऊन दुसरा चहा टाकायला उठतो. बस्स. मी वाचत होतो आणि खोलीत पेपराचं एक पान वाजलं नाही.

"म्हंजे राहतात दोघं," ते म्हणाले.

"राहतात."

त्यांनी मान हलवली. रुमालानं तोंड पुसलं. पुस्तक माझ्याकडे सरकवलं. मी ते परत त्यांच्या पिशवीत घातलं.

"तुमच्याकडेच असू द्या."

"परत कधी आनू री?"

"बघू," मी म्हणालो.

ते थांबले. माझ्याकडे बघत राहिले. "बघू म्हंजे न्हाई," ते हळूच म्हणाले. "असं म्हनायची ती." आणि कठड्याला धरून, एकेक पायरी बघत, जिना उतरून गेले.

मी रजिस्टर उघडून त्या कादंबरीपुढे वाचकाकडे लिहिलं. शाईवर पाणी पडलं, पुन्हा लिहिलं. मास्तरांनी पेपर खाली ठेवला होता.

"कोण हो ते?" त्यांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते.

"मला जिच्याशी लग्न करायचं होतं," मी म्हणालो, "तिचा नवरा."